आतड्याचा टीबी की क्रोन्स?

वय २६. पाच-सहा महिन्यांपासून जेवणानंतर तासाभराने बेंबीच्या उजव्या बाजूला, जरा खालच्या अंगाला कळ येते. पोटात गोळा फिरल्यासारखा वाटतो, बाजूला बसलेल्याला ऐकू जाईल इतकी गुरगुर होते आणि मग तो गोळा आला तसा विरून जातो. कधी जुलाब, तर कधी चार-चार दिवस पोट साफ होत नाही. संध्याकाळी अंगात कसर. पँट कमरेला सैल होऊ लागली म्हणून वजन केले, तर नऊ किलो उतरलेले. मधल्या काळात पित्ताच्या गोळ्या झाल्या, जंताचे औषध झाले, आव समजून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. बाहेरचे खाणे बंद करण्याचा सल्ला तर घरीदारी सगळ्यांनीच दिला. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: लहान आतड्याच्या शेवटी व मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अल्सर, टीबी किंवा क्रोन्स?

हे वर्णन एका कुणाचे नाही. पोटविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत थोड्याफार फरकाने हीच हकीकत पुन:पुन्हा ऐकू येते. रुग्णाला वाटते, एवढी मोठी तपासणी झाली म्हणजे आता उत्तर मिळणार. पण भारतात या जागेवरच्या अल्सरबाबत कोलोनोस्कोपीने अनेकदा उत्तर मिळत नाही, फक्त प्रश्न नेमका होतो. आणि त्या ओळीच्या शेवटी असलेले प्रश्नचिन्ह हलक्यात घेण्यासारखे नाही. कारण दोन्ही आजार दिसायला जुळ्या भावंडांसारखे असले तरी त्यांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

आतड्याचा टीबी म्हणजे क्षयाच्या जंतूंनी आतड्यात केलेले घर. जंतू मारले की आजार संपतो. सहा महिन्यांची औषधे, आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे. क्रोन्समध्ये मारण्यासारखा एकच एक जंतू सापडलेला नाही. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, आणि म्हणून उपचार असतो तो प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचा. स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी जैविक औषधे. आजार आटोक्यात राहतो, अनेकांचे आयुष्य व्यवस्थित चालते, पण औषधांशी आणि तपासण्यांशी नाते बहुधा जन्मभराचे. आता टीबीच्या रुग्णाला क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू केले तर काय होईल? पहिले काही दिवस त्याला छानच वाटेल. ताप उतरेल, पोटातली कळ कमी होईल, भूक लागेल. आणि या आरामाच्या आड जंतू मोकाट सुटतील. आतड्याला भोक पडण्यापासून ते जंतू शरीरभर पसरण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

हा धोका जगाला ठळकपणे कळला तो २००१ मध्ये. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली होती आणि हे औषध लाखाहून अधिक रुग्णांना दिले गेले होते. त्यातल्या ७० जणांना औषध सुरू केल्यावर टीबी उफाळल्याच्या नोंदी एका शोधनिबंधात एकत्र मांडल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. क्षयाच्या जंतूंना शरीर पेशींची तटबंदी घालून कोंडून ठेवते. हे औषध ज्या रेणूला अडवते, तोच ती तटबंदी टिकवण्याच्या कामी येतो. तेव्हापासून असे औषध देण्याआधी टीबीची तपासणी करण्याचा शिरस्ता जगभर पडला. ज्या देशात टीबी कमी, तिथली ही गोष्ट. आपल्याकडे तर टीबी गल्लीत आहे.

आतड्याचा तिठा

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, त्या उजव्या बाजूच्या कोपऱ्यात दोन्ही आजारांना विशेष रस का, याचे टीबीपुरते उत्तर बरेचसे माहीत आहे. अन्नाचा प्रवाह तिथे मंदावतो, त्यामुळे जंतूंना चिकटायला वेळ मिळतो. शिवाय आतड्याच्या भिंतीतल्या लसीका पेशींचे पुंजके तिथे दाट असतात आणि क्षयाच्या जंतूंना त्याच पेशींत शिरायचे असते. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस स्वतःची थुंकी गिळतो, त्यातून जंतू पोटात जातात; कधी ते रक्तातून येतात. जनावरांच्या टीबीचे जंतू कच्च्या दुधातूनही आतड्यात पोहोचू शकतात. दूध उकळल्याशिवाय न पिण्याची आपली सवय इथे फार मोठे काम करते.

पाश्चात्त्य वैद्यकातही हे दोन आजार एकमेकांपासून वेगळे व्हायला वेळ लागला. या कोपऱ्यातले आतडे जाड झालेले, आक्रसलेले दिसले की पूर्वी डॉक्टर टीबीच म्हणत. १९१३ मध्ये ग्लासगोचे सर्जन डॅल्झिएल यांनी काही रुग्णांचे वर्णन केले. आतडे टीबीसारखे दिसत होते, पण जंतू सापडत नव्हते. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी अशा १४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा वेगळा आजार असल्याचे ठामपणे मांडले. लेखकांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने छापली होती. क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचेच नाव चिकटले! अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर १९५६ च्या जूनमध्ये याच आजारासाठी तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. त्यामुळे हे नाव तिकडच्या सर्वसामान्य वाचकापर्यंतही पोहोचले.

भारतात चित्र उलटे होते. मुंबईतील डॉ. एस. के. भन्साळी यांनी १९७७ मध्ये पोटाच्या टीबीच्या ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. यावरून इथल्या सर्जनच्या रोजच्या कामात हा आजार किती होता याची कल्पना येते. क्रोन्स हा पाठ्यपुस्तकातला, परदेशी आजार मानला जाई. तरी दिल्लीच्या एम्समधील टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्येच, कापून काढलेल्या आतड्यांच्या तपासणीवरून दोन्ही आजार वेगळे कसे ओळखावेत यावर सविस्तर लिहिले होते. आज प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे, कारण टीबी गेलेला नाही आणि क्रोन्स मात्र शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही येऊ लागला आहे. सरसकट टीबी म्हणण्याची जुनी सवय त्यामुळे चालेनाशी झाली.

दोन बाटल्या

मग ओळखायचे कसे? काही खुणा आहेत. रोज संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पोटात पाणी होणे, घरात कुणाला नुकताच टीबी होऊन गेलेला असणे, या गोष्टी टीबीकडे बोट दाखवतात. शौचावाटे रक्त, गुदद्वारापाशी भगंदर किंवा पुन:पुन्हा होणारे गळू, तोंडात वारंवार येणारे फोड, सांधेदुखी आणि वर्षानुवर्षे कमी-जास्त होणारा त्रास असेल तर क्रोन्सची शंका वाढते. भगंदराची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी. पोट दुखते म्हणून आलेला रुग्ण मागच्या वर्षी झालेले भगंदराचे ऑपरेशन बहुतेक वेळा सांगतच नाही. लाजेमुळे, किंवा त्याचा याच्याशी काही संबंध असेल असे वाटत नाही म्हणून.

दुर्बिणीतून पाहताना टीबीचे अल्सर आतड्याभोवती आडवे, कडे घातल्यासारखे असतात आणि दोन आतड्यांमधली झडप उघडीच राहिलेली दिसते. क्रोन्सचे अल्सर लांबीच्या दिशेने जातात आणि मध्ये मध्ये निरोगी आतडे सोडत पुढे सरकतात. सीटी स्कॅनमध्ये लसीका गाठी मोठ्या आणि मध्यभागी कुजलेल्या दिसल्या तर टीबीची बाजू भक्कम होते. क्रोन्समध्ये आतड्याभोवती चरबी वाढते. माणूस वाळलेला, पण पोटाच्या आतली चरबी मात्र जास्त, असे विचित्र दृश्य दिसते. एम्समधील संशोधकांनी चरबीच्या या प्रमाणाचाच निदानासाठी उपयोग करून पाहिला आहे. पण यांतली एकही खूण एकट्याने निकाल देत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून टीबी नाही असेही म्हणता येत नाही. आतड्याचा टीबी असलेल्या बऱ्याच जणांची फुप्फुसे निर्दोष असतात.

उरते ती बायोप्सी. अल्सरच्या कडेचे आणि तळाचे तांदळाच्या दाण्याएवढे काही तुकडे घेतले जातात. इथे एका साध्या गोष्टीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, त्यामुळे त्या बाटलीतून टीबीचे कल्चर होऊ शकत नाही. कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी वेगळी बाटली लागते, साध्या सलाइनची. तपासणी छोट्या केंद्रावर होणार असेल आणि कल्चर बाहेर पाठवायचे असेल, तर ही दुसरी बाटली आधीच ठरवून ठेवावी लागते. ती राहून गेली तर त्यासाठी पुन्हा पोट साफ करण्याचे ते बेचव द्रावण पिऊन पुन्हा टेबलावर झोपण्याची वेळ येते. तपासणीआधी रुग्णाने ‘कल्चरसाठी वेगळा नमुना घेणार ना?’ एवढे विचारले तर कुणाचा अपमान होत नाही.

एवढे करूनही जंतू सापडेलच असे नाही. फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत जंतूंचा सुकाळ असतो. आतड्यात ते मोजकेच असतात. जीनएक्स्पर्ट दोन तासांत निकाल देते आणि तो ‘आहे’ असा आला तर त्यावर विश्वास ठेवता येतो. पण ‘नाही’ आला तर त्याचा अर्थ फारसा काही निघत नाही. कल्चरला काही आठवडे लागतात, तरीही अनेकदा काहीच उगवत नाही. पॅथॉलॉजिस्टला पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा दिसले तर ते दोन्ही आजारांत असतात. मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मध्ये पनीरासारखा कुजवा असलेले असतील तर टीबी. पण चिमूटभर तुकड्यात तो कुजवा हाती लागणे हा नशिबाचा भाग.

या अनिश्चिततेत रक्ताच्या तपासणीचा मोह होतो. रक्तातील अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या चाचण्या इतक्या फसव्या निघाल्या की केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. ‘टीबी गोल्ड’ या नावाने लोकांना माहीत असलेली चाचणी वेगळी आहे आणि ती बंद नाही. पण ती सांगते ते एवढेच की, टीबीचे जंतू कधीतरी शरीरात शिरले आहेत. आपल्याकडे कोट्यवधी धडधाकट माणसांच्या बाबतीत ते खरे आहे. तिच्या जोरावर आतड्याचा टीबी ठरवणे म्हणजे गावात चोर राहतो म्हणून आपल्याच घरी चोरी झाली असे मानणे.

औषध देऊन पाहणे

सगळ्या तपासण्या होऊनही काटा मध्येच अडकला, तर भारतातले डॉक्टर बहुतेक वेळा एक मार्ग घेतात. आधी टीबीची औषधे सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आत जाऊन पाहायचे. यामागचा हिशेब सरळ आहे. टीबीला स्टेरॉइड दिल्याने होणारे नुकसान, क्रोन्सला काही आठवडे टीबीची औषधे दिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे आहे. टीबी असेल तर या काळात अल्सर भरून आलेले किंवा भरत आलेले दिसतात. क्रोन्स असेल तर ते सहसा जिथल्या तिथे असतात.

या पद्धतीचा कणा आहे ती दुसरी कोलोनोस्कोपी. आणि नेमकी तीच चुकवली जाते.

कारण समजण्यासारखे आहे. औषधे सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की रुग्णाला बरे वाटू लागते. वजन दोन किलो वाढते, ताप गेलेला असतो. मग खर्च, रजा, रेचक, ती सगळी कटकट पुन्हा कशाला? डॉक्टरनेही ‘बरे वाटतेय ना, मग कोर्स पूर्ण करू’ म्हटले की विषय संपला. पण बरे वाटणे हा इथला सर्वांत लबाड साक्षीदार आहे. रिफाम्पिसिन हे टीबीखेरीज इतर जिवाणूंवरही चालणारे प्रतिजैविक आहे, आणि क्रोन्स हा आजारच मुळी भरती-ओहोटीचा. त्यामुळे टीबीच्या औषधांवर काही क्रोन्स रुग्णांनाही पहिल्या तीन महिन्यांत आराम पडतो. लक्षणे कमी झाली म्हणून टीबी होता असे धरले जाते, सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिने, कधी वर्षभर लांबवला जातो आणि आत क्रोन्स आपले काम करत राहतो. आतडे जाड होत जाते, अरुंद होत जाते. चुकीच्या निदानाने टीबीची औषधे घेत राहिलेल्या क्रोन्स रुग्णांत आतडे आक्रसण्याचे आणि शस्त्रक्रियेची पाळी येण्याचे प्रमाण वाढते, असे भारतीय अभ्यासांतच दिसून आले आहे. म्हणजे ‘देऊन तर पाहू’ हा उपाय निर्धोक आहे तो मुदत पाळली तरच.

दुसऱ्या तपासणीची धास्ती असलेल्यांसाठी एक आधार आहे. शौचाच्या नमुन्यातील कॅल्प्रोटेक्टिन आणि रक्तातील सीआरपी या दोन्ही चाचण्या आतड्यातल्या दाहाचा अंदाज देतात. औषधांनंतर दोन महिन्यांत त्या झपाट्याने खाली आल्या तर टीबीच्या बाजूने कौल मिळतो. आल्या नाहीत तर कोलोनोस्कोपी आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नसतो. तरी अल्सर भरला की नाही हे शेवटी डोळ्यांनीच पाहावे लागते. आणि भरला नसेल तर लगेच क्रोन्सचा शिक्काही मारता येत नाही. औषधे नियमित घेतली होती का? टीबी औषधांना दाद न देणारा तर नाही? इथे ती सलाइनची बाटली पुन्हा आठवते. कल्चरमध्ये जंतू उगवला असेल तर कोणत्या औषधाला तो दबतो हे आधीच हातात असते.

औषधे मात्र सोपी नाहीत. वजनाप्रमाणे रोज सकाळी घ्यायच्या गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे; त्याने घाबरू नये. मळमळ वाढली, जेवणावरची वासना उडाली, डोळे पिवळे दिसू लागले तर मात्र थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे, कारण यकृताला इजा झालेली असू शकते. रंग फिके दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली तरी तसेच. त्याला इथॅम्ब्युटॉल कारणीभूत असू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही रिफाम्पिसिनमुळे कमी होतो, हे बायकांना सांगायचे अनेकदा राहून जाते. मुदतीबद्दल पूर्वी मतभेद होते. एम्सच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने पोटाच्या टीबीच्या १९७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांचा उपचार नऊ महिन्यांइतकाच परिणामकारक ठरला.

उपचार खासगी दवाखान्यात सुरू असला तरी टीबीची सरकारकडे नोंद होते आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी पैसे मिळतात. २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये आहे. पण नोंदीलाच अनेक घरे बिचकतात. मुलगी लग्नाची असेल तर जास्तच. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे होते, तान्ह्या बाळाला त्याच्याकडे देत नाहीत. फुप्फुसात टीबी नसेल तर आतड्याचा टीबी घरातल्यांना शेजारी बसण्याने, एका ताटात जेवण्याने लागत नाही. छातीचा एक्स-रे आणि गरज वाटल्यास थुंकीची तपासणी करून हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घेतलेले बरे.

आणखी एक गैरसमज उपचार संपताना त्रास देतो. जंतू मेले, अल्सर भरला, तरी भरताना पडलेला घट्ट वळ आतडे अरुंद करून ठेवू शकतो. मग कोर्स पूर्ण करूनही जेवल्यावर तोच गोळा, तीच गुरगुर. रुग्णाला वाटते औषधे फुकट गेली. कुणीतरी आणखी सहा महिने औषधे वाढवतो. प्रत्यक्षात टीबी गेलेला असतो, आणि उरलेली अडचण नळाच्या जोडासारखी यांत्रिक असते. अरुंद भाग छोटा असेल तर दुर्बिणीतूनच फुगा फुगवून तो रुंद करता येतो, नाहीतर सर्जन तेवढाच भाग मोकळा करतो किंवा काढतो.

सुरुवातीच्या रुग्णाकडे परत यायचे तर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो फाइल घेऊन येतो. वजन पाच किलोने वाढलेले, कसर नाही, कामावर नियमित. सोबत आलेल्या आईचा प्रश्न ठरलेला: ‘एवढा सुधारलाय, तरी परत ती नळी?’ दोन दिवस हलके खाणे, आदल्या संध्याकाळी द्रावण, सकाळी अर्ध्या तासाचे काम. नंतर डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावतात. डावीकडे तीन महिन्यांपूर्वीचा. पांढुरके साचलेले, लाल कडांचे कडे. उजवीकडे आजचा. तिथे गुलाबी, सपाट पडदा आणि जुन्या जखमेचा फिकट वळ दिसला तर उरलेले तीन महिने त्याच गोळ्या. आणि तेच लाल कडे पुन्हा दिसले तर नवे तुकडे, दोन बाटल्यांत.